सूर्याचा बंब

नवी ओळख झाली की लोक विचारतात, "तुम्ही कुठं होता नोकरीला?" मी सांगतो, "नोकरी नव्हती. लोकांच्या आंघोळीची सोय बघायचो." समोरचा माणूस जरा मागं सरकतो. मग मी सावकाश खुलासा करतो. तोवर त्याचा चहा निवलेला असतो.

कराडला लागूनच्या मलकापुरात आमचं बंबांचं दुकान होतं. बंब म्हटलं की आजकालच्या पोरांना आग विझवणारी गाडीच आठवते, म्हणून सांगून ठेवतो. तांब्याचं उभं पिंप, त्याच्या पोटातून आरपार नळकांडं, नळकांड्यात ढलप्या आणि शेणी पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापतं आणि बाजूच्या पितळी तोटीतून बादलीत येतं. माझे वडील असे बंब ठोकायचे, नंतर मी ठोकायला लागलो. आमच्या बंबाच्या सांध्यांना कथलाचा डाग इतका पक्का असायचा की गिऱ्हाईक दुरुस्तीला परत यायचं नाही. धंद्याच्या दृष्टीनं हा मूर्खपणाच म्हणायचा, पण वडिलांना त्याचाच ताठा होता आणि तो मलाही आला.

नव्वदच्या दशकात बंबाला घरघर लागली. शहरात गिझर आले, न्हाणीघराचं बाथरूम झालं. मी दुकानात माश्या मारत बसलो होतो, तेव्हा महाबळेश्वरच्या एका हॉटेलातून बोलावणं आलं. त्यांच्या गच्चीवरच्या सौर बंबाच्या नळ्या गळत होत्या. मी वर गेलो, काच उघडली आणि बघतच राहिलो. तांब्याच्या नळ्या, डाग आणि तोटी, सगळं आमचंच काम होतं. फक्त विस्तव तेवढा आभाळात नेऊन ठेवलेला.

मी तो गळका सांधा जोडला आणि खाली उतरताना डोक्यात एकच घोळायला लागलं. हे हॉटेलवाल्यांचं झालं. पण खऱ्या थंडीत जी माणसं राहतात, डोंगरातल्या वाड्यांवरची, त्यांना हे कुठलं परवडायला?

मग मी गरिबाचा सौर बंब केला. करायला अगदी सोपा. जस्ताच्या पत्र्याची आडवी टाकी, बाहेरून काळीकुट्ट रंगवलेली. ती लाकडी पेटीत निजवायची. टाकीच्या खाली आणि बाजूंनी भाताचा तूस दाबून भरायचा, कारण तूस ऊब धरून ठेवतो आणि कोयनेच्या खोऱ्यात तो फुकट मिळतो. वर काच. पेटीचं तोंड दक्षिणेकडे, जरासं तिरकं. दिवसभर ऊन खायचं, ऊन उतरलं की काचेवर जाड झाकण टाकायचं. झाकण नीट बसलं तर हिवाळ्यातही दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी अंगावर घेण्याजोगं ऊन राहतं. पावसाळ्याचे चार महिने मात्र हे यंत्र बिनकामाचं, आणि हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचो.

सांगितलेलं लोक ऐकतात, असा तेव्हा माझा समज होता. पाचगणीचे एक निवृत्त मास्तर उन्हानं रंग उडेल म्हणून दिवसा झाकण घालून ठेवायचे आणि पाणी तापत नाही म्हणून मला पत्रं लिहायचे. अक्षर मोत्यासारखं. एका टॅक्सीवाल्याच्या बायकोला ती काच इतकी आवडली की तिनं सबंध उन्हाळा तिच्यावर पापड वाळवले. पापड उत्तम झाले. पाणी थंड राहिलं. मी तिच्यावर तोंडसुख घ्यायला गेलो आणि तिनं दिलेले डझनभर पापड घेऊन मुकाट्यानं परतलो.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच घराबद्दल.

एका मार्गशीर्षात दुपारच्या वेळी दुकानासमोर एक ताठ म्हातारा उभा राहिला. पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, महाबळेश्वरच्या पाठीमागच्या डोंगरातल्या एका वाडीतला. सोबत त्याची सून होती, संगीता. वय असेल बावीस-तेवीस. स्वेटरवर शाल, शालीवर पदर, आणि तरी ती कुडकुडत होती. मी तिला बाकावर बसायला सांगितलं. बसताना तिला खोकल्याची अशी उबळ आली की शेजारच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बघायला लागला.

"मिरजंला दवाखान्यात न्हेली हुती," हवालदार म्हणाले. "दुसऱ्यांदा. सलग दोन हिवाळं न्युमोनिया. डागतर म्हनलं, आता तिसऱ्यांदा झाला तर आमच्या हातात न्हाई. छातीला धूर लागू देऊ नगा, गारठा लागू देऊ नगा. पोरगं माजं सरहद्दीवर हाय. त्याला काय कळवू मी?"

"घरात पाणी कशावर तापवता?"

"न्हानीतल्या चुलीवर, हंड्यात. समद्यास्नी तापतं. त्योच धूर हिच्या छातीत जातोय बगा. हाटेलात उन्हाचा बंब बगितला, तितंच तुमचं नाव कळालं. चूल बंद हुईल तेवढी."

संगीता खाली मान घालून बसली होती. मी तिला काहीच विचारलं नाही. सुनेला काय विचारायचं, असंच तेव्हा वाटलं. सासऱ्याशी बोललो, सासऱ्याला टाकी दाखवली, झाकण कसं टाकायचं तेही सासऱ्यालाच समजावलं. मला अजून त्याची चीड येते.

टाकी एसटीच्या टपावरून गेली. काच मी वाकळेत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो. वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली दहा-बारा घरं. हवालदाराच्या घरात ते, त्यांची बायको हौसाबाई आणि संगीता अशी तिघं. हौसाबाई म्हणजे काटक म्हातारी. मी अंगणात पेटी बसवत असताना त्या उंबऱ्यात उभ्या राहून एकटक बघत होत्या. तूस भरताना म्हणाल्या, "उंदरांची चैन हाय." एवढं बोलून आत गेल्या. चार वाजता मी तोटी उघडली, पाण्यानं बोट पोळलं. हवालदारांनी माझी पाठ थोपटली. मी खुशीत परतीची गाडी धरली.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. सकाळी तोटीतून थंडगार पाणी येतं, चूल तशीच पेटते, सून तशीच खोकते.

मी वर गेलो. तूस दमट झाला असेल म्हणून सगळा उपसून नवा भरला. पुन्हा पोस्टकार्ड. पुन्हा गेलो, झाकणाला आतून जुनी घोंगडी ठोकली, फटी बुजवल्या. संध्याकाळचं पाणी कढत, सकाळचं थंडगार. हौसाबाईंचा उंदरांचा टोमणा मी मनाला लावून घेतला आणि पेटीच्या चारी कोपऱ्यांना पत्रा मारला. तरी तेच. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. मी हवालदारांना सरळ म्हणालो, "तुम्ही रात्री पाणी काढून घेता आणि खापर माझ्यावर फोडता."

ते लाल झाले. "मिस्त्री, फौजंत असल्यापास्नं म्या रोज सकाळी सा वाजता आंगुळ करतोय. खोटं बोलतोय व्हय मी? ऱ्हावा आज इतंच मुक्कामाला, आन् बगा तुमचं तुमी."

तोवर मी नेहमी सकाळच्या गाडीनं यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचो. वाडीतली पहाट मी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी राहिलो. संध्याकाळी माझ्या हातानं टाकीवर झाकण टाकलं, दोनदा दाबून बघितलं, आणि सोप्यात तीन वाकळा घेऊन पडलो.

पहाटे भांड्याचा आवाज आला म्हणून उठून बाहेर आलो. नीट उजाडलं नव्हतं. गारठा असा की श्वास घेतला तरी नाक दुखत होतं. पेटीपाशी संगीता वाकलेली होती. तिनं तोटी पूर्ण सोडली होती आणि पाणी अंगणातल्या दगडी पन्हाळीतून खाली परड्यात वाहत होतं.

त्या पाण्यातून वाफा निघत होत्या.

तिनं दोन्ही हात त्या धारेखाली धरले होते. बोटं उघडत होती, मिटत होती. शेजारी झऱ्यावरून आणलेल्या थंड पाण्याच्या घागरी भरून ठेवलेल्या होत्या.

मी ओरडलो. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "अगं ए, काय करतेस हे!"

ती इतकी दचकली की एक घागर लवंडली आणि तिला उबळ आली. पन्हाळीचा कठडा धरून ती खोकत राहिली. मला माझीच शरम वाटली. उबळ थांबल्यावर मी हळू आवाजात विचारलं, "पाणी कशाला सोडतेस बाई?"

"शिळं हाय न्हवं," ती म्हणाली. "कालचं हाय. शिळं वतायचं आन् ताजं भरायचं."

आपल्याकडे हे कुणाला वेगळं सांगायला नको. रोज सकाळी हंडे-कळश्या रिकाम्या करायच्या, घासायच्या, ताज्या पाण्यानं भरायच्या. कालचं पाणी शिळं. शिळं पाणी पिण्याला चालत नाही, देवाला चालत नाही, आंघोळीलाही चालत नाही. माझ्या आईनं तेच केलं, बायको तेच करत होती. टाकी हेही भांडंच. आणि मी असा शहाणा की आदल्या दिवशीच्या पाण्यावर चालणारं यंत्र डोंगरात नेऊन बसवलं आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"मग तू आंघोळ कशानं करतेस?"

तिनं घागरीकडे बोट केलं.

"थंड पाण्यानं? आणि ती चूल?"

"चूल आंगुळीनंतर पेटवायची. पारोशानं इस्तवाला शिवायचं न्हाई." पारोसं म्हणजे बिनआंघोळीचं, आणि इस्तू म्हणजे विस्तव. ती अगदी सहज बोलत होती. "मी आंगुळ केली की मंग समद्यांचं पानी ठिवती."

मी तिथंच पायरीवर बसलो. म्हणजे घरात सगळ्यात आधी उठून झऱ्याच्या पाण्यानं अंग धुवायचं ते हिनं, आणि मग ओल्या केसांनी चूल पेटवून बाकीच्यांना गरम पाणी द्यायचं तेही हिनंच. मिरजेच्या डॉक्टरांना धूर दिसला, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या दोन पिढ्या बंब ठोकण्यात गेल्या. ज्या घरी बंब दिला त्या घरी तो पेटवणारी बाई स्वतः कशानं आंघोळ करते, हे आम्ही कधी विचारलं नाही.

आमचं बोलणं ऐकून हवालदार आणि हौसाबाई बाहेर आले. मी झालेला प्रकार सांगितला. हवालदार आधी सुनेकडं, मग बायकोकडं बघायला लागले.

"म्हंजी ही थंड पान्यानं आंगुळ करती?"

"मग?" हौसाबाई म्हणाल्या. "म्या न्हाई केली? लगीन झाल्यापास्नं तेच करतीया की. चूल आधी पेटवून कोन आंगुळ करतं?"

"मला ठावं न्हवतं."

"तुमी कवा इचारलं?"

हवालदार लवंडलेली घागर उभी करायला वाकले. मी संधी साधून समजवायला लागलो. हे पाणी बंद टाकीतलं आहे, याला धूळ लागत नाही, उष्टं होत नाही. हौसाबाईंनी मला मधेच थांबवलं. "मिस्त्री, कालचं ते कालचंच. शिळ्या पान्यानं अंग धुतलं तर धुतल्यात जमा न्हाई. त्या अंगानं देवाफुडं कसं जायचं?"

"आक्का, याला विस्तव लागत नाही. सूर्यनारायणानं तापवलेलं पाणी आहे. ते शिळं कसं?"

"सूर्यानं ऊन ठिवलेला भात बी दुसऱ्या दिशी शिळाच हुतोय."

खाली मुक्कामी गाडीचा हॉर्न वाजला. निघताना मी एवढंच म्हणालो, "आक्का, तुमची सून दोनदा वाचली. डॉक्टर तिसऱ्यांदाचं बोलायला तयार नाहीत. एवढं ध्यानात ठेवा." मी हे रागानं बोललो होतो. गाडीत बसल्यावर वाटलं, म्हातारीला असं तोडून बोलायला नको होतं. तिनंही पस्तीस-चाळीस वर्षं तेच सोसलेलं.

त्यानंतर पोस्टकार्ड आलं नाही. पत्र आलं नाही म्हणजे पाणी तापतंय की काही भलतंच झालंय, याचा अंदाज लागेना. पोरीचं काही बरंवाईट झालं असेल या धास्तीनं मी महिनाभर टाळाटाळ केली. शेवटी महाबळेश्वरला दुसरं काम निघालं तेव्हा मन घट्ट करून वाडीवर गेलो.

संगीता अंगणात धान्य पाखडत होती. मला बघून हसली. शाल नव्हती अंगावर. हौसाबाईंनी मला बसायला घोंगडं टाकलं आणि स्वतःच विषय काढला.

"तुमी गेल्यावर दोन दिस म्या इचार केला. म्हनलं, पोरीला कशी सांगू? पाप लागलं तर तिला लागंल. म्हून आदी म्या घेतलं शिळं पानी. पहाटं उटले, तोटी सोडली, बसले." त्या थांबल्या. पदर सारखा केला. "मिस्त्री, म्या उटलेच न्हाई. बादली सपली तरी बसून ऱ्हायले. पहाटंच्या पारी अंगाला ऊन पानी लागतंय कसं, हे मला ह्या वयात कळालं बगा. रडूच आलं."

"मग?"

"मग आट दिस वाट बगितली. देव कोपतोय का म्हून. म्हस आटली न्हाई, कुनी आजारी पडलं न्हाई. नवव्या दिशी पोरीला म्हनलं, जा, घे."

आतून हवालदार म्हणाले, "आन् मला चुलीचंच पानी दिलं आट दिस."

"तुमची सवय मोडू नये म्हून," हौसाबाई म्हणाल्या, आणि संगीता सूप तोंडाशी धरून हसली.

तो हिवाळा सरला. मिरजेची फेरी झाली नाही. त्या घराचं बघून वाडीत आणखी चार पेट्या गेल्या. या वेळी मी झाकण कसं टाकायचं ते बायकांना बोलावून सांगितलं, आणि पाणी कधी भरायचं हे त्यांनाच ठरवायला सांगितलं. त्यांनी ठरवलं, टाकी सकाळी आंघोळी उरकल्यावर ताज्या पाण्यानं भरायची. पेटीसोबत द्यायच्या माझ्या पत्रकात तेवढी एकच ओळ त्यांची होती आणि तीच खरी कामाची होती.

पण मला घोर लागला होता तो पावसाळ्याचा. महाबळेश्वरच्या पाठीमागं पाऊस लागला की दिवस दिवस सूर्य दिसत नाही. टाकीत पाणी थंड, अंगण ओलं, घरात कपडे वाळत नाहीत. चार महिने ती पोर पुन्हा पहाटे झऱ्याच्या पाण्यानं आंघोळ करणार. एका हिवाळ्यापुरतं तिला वाचवलं आणि पावसाच्या तोंडी दिलं, असं मला वाटायला लागलं. आषाढात मला राहवेना. बायको म्हणाली, "या पावसात कुठं चाललात? तिथं तुमचं यंत्र काय करणार आहे?" खरंच होतं ते. हात हलवत जायचं होतं. तरी मी मुक्कामी गाडी धरली.

घाटात गाडीला झाड आडवं पडलं. रात्र गाडीतच निघाली. पहाटे रस्ता मोकळा झाला आणि उजाडायच्या सुमाराला मी चिखल तुडवत वाडीत पोहोचलो. पेटी घोंगड्यानं आणि ताडपत्रीनं झाकून ठेवलेली. मी अंगणात पाय ठेवला तो न्हाणीच्या छपरातून धूर येताना दिसला. मी मनाशी म्हणालो, झालं. पोरीनं थंड पाणी अंगावर घेतलं आणि चूल पेटवली.

न्हाणीच्या चुलीपुढं हौसाबाई बसल्या होत्या. केस विस्कटलेले, कपाळावर कालचंच कुंकू, अंगावर निजेचं लुगडं. फुंकणी घेऊन ओल्या लाकडाला फुंकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वर हंडा होता.

"आक्का, संगीता कुठं आहे?"

"निजलीया. पानी तापलं की उटवीन."

मी त्यांच्या केसांकडं बघितलं. "तुमची आंघोळ झाली?"

"न्हाई." त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "पारोशीच हाय म्या. पारोश्या हातानंच पेटवलीया चूल. काय म्हनायचं हाय का तुमाला?"

"नाही आक्का."

"तुमचा सूर्य चार म्हैनं झोपतोय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फुंकणी उचलली. "म्हून काय माज्या पोरीनं थंड पानी घ्यायचं व्हय?"